गाडीवर ताण येणार नाही

५ जानेवारी, रविवार

विपुलभाऊंनी आज विचारलं, गाडीत मोठ्या आवाजाचा स्टिरिओ बसवून देशील का. विपुलभाऊ पौर्णिमाचे मोठे भाऊ. पौर्णिमा ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसते आणि जाता-येता माझ्या स्कूटीवर मागे. त्याआधी चार वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात शेजारच्या बाकावर बसायची. १६ फेब्रुवारीला तिचं लग्न आहे. मुलगा अकोल्याचा. लग्न इथे अमरावतीत, बडनेरा रोडवरच्या मंगल कार्यालयात. वरातीत गाणी याच गाडीवर वाजतील आणि संध्याकाळी पौर्णिमा याच गाडीतून सासरी जाईल. नवरदेवाकडची गाडी येणार होती, पण विपुलभाऊ म्हणाले, "माही बहीण माह्या गाडीत जाईन." विषय संपला.

मी हो म्हटलं. कारण तांत्रिक आहे. गाडी आठ वर्षं जुनी, तीन रांगांची, डिझेल, इंजिनवर फिरून वीज देणारा अल्टरनेटर नव्वद अँपिअरचा. लोक आधी भलामोठा अँप्लिफायर आणतात, मग हेडलाइट मिणमिणतात, मग बॅटरीवाल्याला शिव्या देतात. मी आधी गणित करते. मोठा आवाज आणि निरोगी बॅटरी एकाच गाडीत नांदू शकतात, हे दाखवून द्यायची ही संधी आहे.

ठराव: चार स्पीकर, एक लहान अँप्लिफायर, शुद्ध तांब्याची जाड तार, बॅटरीजवळ फ्यूज. याहून जास्त काहीही नाही.

६ जानेवारी

अम्मीने विचारलं, पौर्णिमा चालली तर तुला करमेल का. मी सांगितलं, अकोला शंभर किलोमीटरसुद्धा नाही आणि बस सारख्या असतात. अम्मी नुसतं "हौ" म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. त्या "हौ"मध्ये काहीतरी होतं. विचारलं नाही.

ही डायरी मी मराठीत लिहिते. शाळा मराठी होती, त्यामुळे गणित मराठीत नीट जमतं. शिवाय आमच्या घरी माझं बारीक मराठी अक्षर कुणी वाचत नाही.

९ जानेवारी

पौर्णिमाला दुकानात स्पीकर ऐकवले. तिला आवाज कमी वाटला. म्हणाली, वरात निघाली की अकोल्यापर्यंत ऐकू गेलं पायजे. मी समजावलं की अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. ती म्हणाली, मग तू दुप्पट करत राहा.

पंधराशे वॉटचा अँप्लिफायर घेतला. यात ठराव मोडलेला नाही. मोठा अँप्लिफायर कमी आवाजावर चालवला तर कमी तापतो. म्हणजे बचतच आहे.

१३ जानेवारी

जोडणी पूर्ण. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी, या तिन्ही तारा जाड केल्या. बॉडीवरचा रंग खरवडून नागडं लोखंड काढलं, तेव्हा विपुलभाऊंनी डोळे मिटून घेतले.

चाचणी. पहिल्या ठोक्याला हेडलाइट मंद झाले, दुसऱ्याला पुन्हा. विपुलभाऊ खूश. म्हणाले, "लाइट बी नाचून राहिले." मला तो दोष वाटतो, त्यांना ती सोय वाटते.

मी संगीताचा सरासरी भार अँप्लिफायरच्या क्षमतेच्या एक तृतीयांश धरला होता. पुस्तकात तसंच आहे. पण पुस्तक लिहिणाऱ्याने आपल्याकडची वरातीची गाणी ऐकलेली नसावीत. त्यांत ठोका थांबतच नाही. एक तृतीयांश भार फक्त तेव्हा असतो, जेव्हा गाणं बदलतं.

पौर्णिमा म्हणाली, लोड घेऊ नको. मी सांगितलं की लोड मी घेत नाही, अँप्लिफायर घेतो.

१७ जानेवारी

पौर्णिमासोबत अकोल्याला गेले. तिला साड्यांची खरेदी, मला कॅपॅसिटर. तो अमरावतीतही मिळतो, पण अकोल्यातल्या दुकानात मोठा होता. असावा. इथे विचारलं नव्हतं.

तिच्या सासरी चहा झाला. नवरदेव धर्मेंद्र शांत आहे. घरातला अधिकार त्याच्या आजीकडे दिसतो. वच्छलाबाई नाव. चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं आणि अजून समोर येईल त्याला गिऱ्हाईक समजून आपादमस्तक पाहतात. पौर्णिमाने माझं नाव सांगितलं, कहकशाँ. आजींनी दोनदा प्रयत्न केला आणि मग "काशी" ठरवून टाकलं. मी दुरुस्त केलं नाही. पुन्हा भेट होण्याची शक्यता कमी.

स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. पौर्णिमाला दुपारच्या उन्हाने डोकं दुखतं. तिच्या लक्षात आलं नसावं. मी सांगितलं नाही. माझा विषय नाही.

२० जानेवारी

कॅपॅसिटर बसवला. आधी लाइट झटक्याने मंद व्हायचे, आता नम्रपणे मंद होतात.

दोष माझा नाही. कॅपॅसिटर म्हणजे पाण्याचा पेला, टाकी नव्हे. टाकी पाहिजे.

ठराव: दुसरी बॅटरी. मागे, स्वतंत्र, आयसोलेटरसह. आयसोलेटर म्हणजे दोन बॅटऱ्यांमधला दरवाजा. इंजिन जोमात असेल तेव्हा उघडा, दाब घसरला की आपोआप बंद. मागची बॅटरी गाण्यांची, पुढची गाडीची. गाणी मेली तरी गाडी सुरू होणारच. हा शेवटचा बदल.

२५ जानेवारी

दुसरी बॅटरी आणि बासच्या, म्हणजे खोल ठोक्याच्या, स्पीकरचा लाकडी डबा मागे बसत नव्हते. मागची सीट काढली. चार बोल्ट. सीट विपुलभाऊंच्या दुकानात ठेवली आहे; त्यावर आता गिऱ्हाइकं बसतात.

डब्याचं आकारमान गणिताप्रमाणे अचूक आहे. दोन इंचही कमी करता येणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

दर्यापूरला चाचणी फेरी. पौर्णिमाच्या वडिलांना, चंद्रभानकाकांना, गावात वाटायच्या पत्रिका द्यायच्या होत्या. ते शेतावर राहतात. गाडी बांधावरून आत आली तेव्हा तुरीतले पक्षी एकदम उडाले. व्होल्टेज १३.६, स्थिर. उत्तम निकाल.

काकांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डब्यावर हात ठेवला, ठोका हातात येतो का ते पाहिलं. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "सामान त मस्त बसवलं बाई तुनं. पन एवढ्या आवाजात पोरगी रडली, त कोनाले ऐकू येईन?"

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बरोबर आहे. मी म्हटलं, नाही येणार. ते मान हलवून विहिरीकडे गेले. मला वाटतं त्यांना तक्रार करायची होती. मला ते वैशिष्ट्य वाटलं.

२९ जानेवारी

अल्टरनेटर बदलून जास्त क्षमतेचा लावला. तो नवा बदल धरू नये, कारण तो बदल नसून दुरुस्ती आहे. बेल्ट किंचाळत होता. रस्त्यावरच्या लोकांना ते गाण्यातलंच वाटलं. ताण घट्ट केला, किंचाळणं थांबलं.

३१ जानेवारी

पौर्णिमाचा ऑफिसातला शेवटचा दिवस. केक होता. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणाले, पौर्णिमाच्या ड्रॉइंगमध्ये चुका कमी असायच्या. सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. मी आजवर कुणाच्याही ड्रॉइंगबद्दल असं म्हटलेलं नाही.

पौर्णिमा हसली नाही. तिने केकचा तुकडा माझ्या प्लेटमध्ये ठेवला, क्रीम काढून. मला क्रीम चालत नाही.

संध्याकाळी तिच्या टेबलावर प्रिंटर ठेवला. चांगला निर्णय. आता उठून जावं लागत नाही.

४ फेब्रुवारी

प्रिंटर फार आवाज करतो.

स्कूटीचं मायलेज या आठवड्यात लक्षणीय वाढलं. मागच्या महिन्यात एअर फिल्टर साफ केला होता, त्याचा परिणाम उशिरा दिसतो आहे. मागच्या चाकातली हवाही टिकून आहे. उतारावर स्कूटी हलकी वाटते. तपासायला हवं.

८ फेब्रुवारी

सर्वांत वाईट परिस्थितीची चाचणी आमच्या गल्लीत घेतली. इंजिन बंद, पूर्ण आवाज, मागची बॅटरी संपेपर्यंत. आयसोलेटरने बरोबर दरवाजा लावून घेतला. पुढची बॅटरी १२.६. गाडी एका सेल्फमध्ये सुरू. मी समाधानी.

इतर निकाल: आमच्या मांडणीवरून स्टीलचे तीन डबे उतरले. समोरच्या घरातून चौकशी आली. अम्मीने त्यांना सांगितलं, बेटी की सहेली की शादी है, आठ दिन सबर करो. मी दुरुस्त केलं की हा शादीचा विषय नसून भार व्यवस्थापनाचा आहे. समोरच्या खालाजान म्हणाल्या, हौ बेटा, सब की बारी आती. त्यांना काय समजलं, मला कळलं नाही.

१० फेब्रुवारी

जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज उसनी घ्यायची तार, गाडीत ठेवली. वापरायला नव्हे. ती वापरावी लागली नाही हे सिद्ध होण्यासाठी ती तिथे असायला हवी. जंपर लावायची वेळ आली तर मी स्वतःला इंजिनिअर म्हणवणार नाही. हे इथे लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

पौर्णिमाच्या घरी मेंदी. माझ्याही हातावर काढली, नको म्हणत असताना.

पौर्णिमाने एक सूचना मांडली. नवरीसोबत सासरी पाठराखीण जाते, दोन दिवस राहते. तिला सख्खी बहीण नाही. चुलत बहिणीची परीक्षा आहे. तर मी जावं.

मी दोन अडचणी सांगितल्या. सोमवारी साइटवर पंपाची तपासणी आहे. आणि गाडीत जागा नाही. पुढे विपुलभाऊ आणि मामा. मधल्या सीटवर नवरा, नवरी, आजी. मागची सीट मी काढली आहे.

ती म्हणाली, "मंग डब्बा काढ."

मी सांगितलं की डबा काढला तर बास उरणार नाही. तिचे दोन्ही हात ओल्या मेंदीचे होते म्हणून, नाहीतर तिने काहीतरी फेकलं असतं असं वाटलं. मग म्हणाली, ठीक आहे, तुझा बास तू सांभाळ.

योग्य निष्कर्ष. सोमवारची तपासणी रद्द झाल्याचं रात्री कळलं, पण डब्याचा मुद्दा कायम राहतो.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

पुढची बॅटरी १२.७. मागची १२.८. सगळे नट घट्ट. फ्यूज योग्य. हवामान कोरडं. चिंतेचं कारण नाही. झोप ठीक लागली, चारपर्यंत.

१६ फेब्रुवारी. दुपार, जेवणाच्या पंगती चालू असताना

वरात झाली. गाडी चालण्याच्या वेगाने, म्हणजे इंजिन जवळपास नुसतं घुरघुरत. अशा वेळी अल्टरनेटर अर्धाच देतो. हे मी गणितात धरलं होतं. वरात दोन चौकांमध्ये थांबून नाचेल हे धरलं नव्हतं. दुसऱ्या चौकात मागची बॅटरी संपली, आयसोलेटरने दरवाजा लावला, गाणी थांबली.

सगळे गाडीकडे पाहू लागले. मी विपुलभाऊंना सांगितलं की हे अपयश नसून संरक्षण आहे. यंत्रणेने ठरल्याप्रमाणे पुढची बॅटरी वाचवली. अभिनंदन कुणी केलं नाही. बँडवाल्यांनी संधी साधली.

आता मागची बॅटरी भरायला इंजिन चालू ठेवायला हवं. ठेवलं होतं, पण धूर पंगतीत जातो म्हणून आचाऱ्याने बंद करायला लावलं. हरकत नाही. संध्याकाळी हायवेवर आपोआप भरेल. पुढची १२.५.

पौर्णिमा स्टेजवर ठीक दिसते. एकदा तिने इकडे पाहून भुवई उंचावली. मी अंगठा दाखवला. व्होल्टेजबद्दल.

१६ फेब्रुवारी. घरी आल्यावर

घटनाक्रम जसा आहे तसा लिहिते. नंतर कुणी वेगळा सांगेल.

साडेचारच्या सुमारास पौर्णिमाच्या बॅगा गाडीत ठेवल्या. आत फोटो चालू होते. ती कंटाळून बाहेर आली आणि मधल्या सीटवर बसली. मी पुढे बसले होते, व्होल्टेजचं मीटर पाहत. मग ती म्हणाली, "एक गाणं लाव. आपलंवालं."

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एका फुटक्या रेडिओवर आम्ही ते ऐकायचो. मी सांगितलं, मागची बॅटरी संपली आहे, इंजिन बंद आहे, दरवाजा लागलेला आहे. ती म्हणाली, एकच.

मी जंपर केबल काढली आणि आयसोलेटरच्या दोन टोकांना लावली. म्हणजे दरवाजा होता तिथे भिंतच पाडली. आता अँप्लिफायर पुढच्या बॅटरीवर चालू लागला. तात्पुरतं. एका गाण्यापुरतं. गणित करून पाहिलं होतं, मनात.

ते गाणं संपलं. दुसरं आपोआप लागलं. मीटरवर १२.१ होतं. मी बंद करणारच होते. पौर्णिमाने डोकं माझ्या सीटच्या पाठीला टेकवलं होतं. ती हलेल मग बंद करू, असं ठरवलं. ती हलली नाही.

तेवढ्यात आजी आल्या. खिडकीत वाकल्या आणि म्हणाल्या, "वाढव आता, काशी."

मी आवाज वाढवला. मला आश्चर्य वाटलं, पण ज्येष्ठांमध्येही बासची जाण असू शकते.

आजी म्हणाल्या, "वाढव म्हनलं ना मी." मी आणखी वाढवला. काच थरथरू लागली. मीटर ११.६. आजींनी काठी दारावर आपटली आणि ओरडल्या, "अवं पोरी, वाढव नं!" मी पूर्ण वाढवला. त्याहून पुढे बटण जात नाही. मंडपाची झालर हलू लागली, एक मूल रडायला लागलं, आजींनी दोन्ही कान झाकले.

धर्मेंद्र धावत आला आणि चावीच काढून घेतली. शांतता झाली. तो मला म्हणाला, अतिशय सभ्यपणे, की आजी बंद कर म्हणत होती. आमच्याकडे 'दुकान बंद करतो' म्हणणं अशुभ, 'वाढवतो' म्हणतात. आजी प्रत्येक गोष्ट वाढवते. टीव्हीसुद्धा.

मला दहावीला मराठीत ८४ होते. हा अर्थ वेळेवर आठवला नाही.

फोटो संपले, सगळे बाहेर आले. पौर्णिमाची आई रडली, काका दुसरीकडे पाहत राहिले. नवरा, नवरी, आजी आत बसले. विपुलभाऊंनी चावी फिरवली. गाडीने 'टक्' केलं. पुन्हा फिरवली. 'टक्'. मीटर १०.९.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी केबल घेऊन दुसरी गाडी शोधायला निघाले. वऱ्हाडाच्या दोन्ही बस चोवीस व्होल्टच्या, त्यांना जोडलं असतं तर उरलंसुरलंही जळालं असतं. मामांची गाडी बसच्या मागे अडकलेली. बाकी मोटरसायकली. बँडवाल्यांचा जनरेटर टेंपोत भरून गेलेला.

परत आले तर पौर्णिमा खिडकीतून माझीच वाट पाहत होती. हळूच म्हणाली, "तुनं मुद्दाम केलं ना?"

मी नाही म्हटलं. प्रामाणिकपणे. मी तिला सेल्फला लागणारा करंट आणि उरलेलं व्होल्टेज यांचा संबंध समजावू लागले. ती ऐकत नव्हती. ती हसत होती, आणि काजळ खाली येत होतं.

मग कुणीतरी म्हणालं, धक्का मारा. त्यांच्याकडे बिदाईच्या गाडीला नवरीच्या भावाने धक्का द्यायचा असतो. नावापुरता हात लावायचा, एवढंच. पण विपुलभाऊ स्टेअरिंगवर. दुसऱ्या कुणाच्या हाती ते गाडी देईनात. कोण धक्का देणार यावर दोन काकांमध्ये चर्चा सुरू झाली.

पौर्णिमा खिडकीतून मोठ्याने म्हणाली, "भाऊ त स्टेअरिंगवर आहे. काशी देईन धक्का."

सगळे थांबले. चंद्रभानकाका बाजूला सरकले आणि मला जागा करून दिली.

मी मागे गेले. दोन्ही हात डिक्कीवर ठेवले. हाताखाली दुसरी बॅटरी, डबा, सगळं मीच भरलेलं वजन. नावापुरत्या धक्क्याने ते हलणार नव्हतं. मी खरा दिला. थोडं अंतर गेल्यावर काका, आचारी, दोन पाहुणे मागे लागले. विपुलभाऊंनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडी खोकली, काळा धूर माझ्या तोंडावर आला, आणि सुरू झाली.

ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बंद पडली असती. तशी सूचना मीच विपुलभाऊंना दिली होती.

मी रस्त्यावर उभी होते. डोळ्यांत पाणी आलं, ते डिझेलच्या धुराने. काका शेजारी उभे होते. त्यांच्याही डोळ्यांत धूर गेला असावा, ते जरा लांब होते तरी.

घरी आल्यावर अम्मीने विचारलं, धक्का बसला का गं तुला, अशी का दिसतेस. मला बसला नाही. मी दिला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

अम्मीला वाढवण्याचा प्रकार सांगितला. अपेक्षा अशी की ती माझी बाजू घेईल. परका शब्द, परकी माणसं. ती इतकी हसली की चहा सांडला. मग म्हणाली, "तेरे नाना रोज मग़रिब के बाद क्या बोलते थे? दुकान बढ़ा के आ रा हूँ. बंद कभी बोले?"

परतवाड्याला नानांचं कापडाचं दुकान होतं. लहानपणी मी संध्याकाळच्या नमाजापर्यंत तिथे गल्ल्याशेजारी बसायचे. म्हणजे हा शब्द मला दोन्ही भाषांत शाळेच्याही आधीपासून माहीत होता, असा अम्मीचा दावा.

असेल. आवाजाची पातळी जास्त असली की शब्दाचा अर्थ नीट पोचत नाही, हे सर्वज्ञात आहे. आजी पहिल्यांदा बोलल्या तेव्हा आवाज फारसा नव्हता, हा तपशील गौण आहे.

मग अम्मीने माझे हात ओढून घेतले. माझ्या हाताची मेंदी धुरात काळी झाली होती, ती तेल लावून पुसत बसली. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

आज ऑफिसात प्रिंटर बंद होता. तरी लक्ष लागलं नाही. जागरण.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

विपुलभाऊ सकाळी गाडी घेऊन परतले. लगेच तपासली. दोन्ही बॅटऱ्या भरलेल्या, अल्टरनेटर निरोगी, तारा थंड, बेल्ट शांत. हायवेने आपलं काम केलं.

मी विचारलं, हायवेवर पूर्ण आवाजात व्होल्टेज किती होतं. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा आहे. महिनाभर मी त्याचीच वाट पाहत होते.

विपुलभाऊ म्हणाले, लावलाच नाही. बडनेरा ओलांडल्यावर त्यांनी बटणाकडे हात नेला, तर पौर्णिमा म्हणाली, राहू दे, काशी येईन तवा लावू. मूर्तिजापूरला चहा घेतला, तेव्हाही बंद. आजी झोपल्या होत्या. अकोल्यापर्यंत फक्त इंजिनाचा आवाज.

म्हणजे अमरावती ते अकोला संपूर्ण प्रवासात स्टिरिओमुळे गाडीच्या विद्युत यंत्रणेवर पडलेला ताण: शून्य. हेच उद्दिष्ट होतं. ते पूर्ण झालं.

एक अडचण उरते. मी जाईन तेव्हा लावायचा असं ठरलं आहे, पण स्टिरिओ गाडीत आहे आणि गाडी इथे अमरावतीत उभी आहे. तिच्यात कसलाही दोष नाही. त्यामुळे अकोल्याला जाण्यासाठी माझ्याकडे एकही तांत्रिक कारण नाही.

दुपारपासून शोधते आहे.